चाचांच्या कानातली गावे

आमच्या शेजारच्या चाचांसमोर इंग्रजीत तोंड उघडून आपले गाव लपवू शकेल असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. आणि तो जन्माला आला, तरी त्याचे पहिले रडणे ऐकून चाचा सांगतील की आई तामिळ दिसते आणि बाप बहुतेक सिंगापूरला कामाला असावा. मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला, जिथून बंदरातल्या ट्रॉलरांचे आवाज येतात पण वास वाऱ्याच्या मर्जीने येतो, तिथे त्यांचे घर आणि आमचे घर कुंपणाच्या दगडी गडग्याला गडगा लावून उभे आहे. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा चाचा समुद्रावर होते. मी पोस्टातून निवृत्त झाले तेव्हा ते पडवीत होते. मधल्या वर्षांत ते नक्की कधी परत आले हे मला सांगता येणार नाही, कारण खरे सांगायचे तर ते पूर्ण परत आलेच नाहीत. पडवीतल्या आरामखुर्चीत जो ऐवज येऊन बसला तो म्हणजे त्यांची लुंगी, पांढरी दाढी आणि दोन पाय. कान अजून कुठल्या तरी बंदराबाहेर नांगर टाकून होते.

चाचा जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. बिनतारी संदेश घ्यायचे, द्यायचे, आणि उरलेला वेळ जगातल्या यच्चयावत जहाजांवरची माणसे एकमेकांशी काय बोलतात ते ऐकत बसायचे. ती सगळी माणसे इंग्रजी बोलायची, आणि चाचांच्या मते त्यातल्या एकाचेही इंग्रजी दुसऱ्यासारखे नव्हते. ग्रीक माणूस इंग्रजी बोलताना भांडतो, फिलिपिनो गाणे म्हणतो, आणि नॉर्वेचा माणूस प्रत्येक वाक्य बर्फावरून घसरल्यासारखे शेवटी वर नेतो, असे ते सांगत. मग उपग्रह आले आणि जहाजांवरून ती जागाच गेली. याबद्दल चाचांच्या बोलण्यात कधी कडवटपणा आला नाही. "जहाजांना आता कान नकोत," एवढेच ते म्हणायचे, आणि चहाचा कप उचलायचे. तो चहा तोवर गार झालेला असायचा, कारण चहा पिता पिता ते मधेच वाल्पराइसोच्या बंदरात जाऊन यायचे. डोळे मिटलेले, उजव्या हाताचे बोट खुर्चीच्या हातावर टकटक करीत असलेले. ते बोट मोर्सच्या खुणा वाजवते हे मला चाचींनी सांगितले. चाचींना मोर्स येत नाही, पण बोट कुणाला काय कळवते आहे याचा त्यांना अंदाज असायचा. "आता कुणाला तरी माझी तक्रार सांगतायत," असे त्या चुलीपुढून म्हणायच्या.

फोनवर कर्ज घ्या, कार्ड घ्या म्हणून जी मुले-मुली आपल्याला छळतात, त्यांना आपण चार शब्द सुनावतो आणि फोन ठेवतो. चाचा त्यांची वाट पाहायचे. फोन आला की आरामखुर्ची सरळ व्हायची. एकदा जेनी नाव सांगणाऱ्या एका मुलीचा फोन आला. तिने बंगळूरहून बोलतेय असे सांगून विम्याची माहिती सुरू केली. चाचांनी तिला सगळी माहिती सांगू दिली, मधे एकदाही अडवले नाही, आणि शेवटी अत्यंत अदबीने विचारले, बेटा, शिलाँगला आता थंडी सुरू झाली असेल ना? पलीकडे ती मुलगी आधी हसली, मग थोडी रडली, आणि मग घरच्या संत्र्यांच्या झाडांबद्दल बोलत राहिली. विमा दोघेही विसरले. ती पुढे अधूनमधून फोन करायची, काही विकायचे नसताना. चाची तिला 'तुमची शिलाँगवाली' म्हणायच्या, आणि चाचा त्यावर लाजायचे.

चाचा चुकायचेही, आणि चुकले की असे भव्य चुकायचे की पाहत राहावे. मांडवीच्या किनाऱ्यावर एक उंच गृहस्थ आइस्क्रीमवाल्याशी इंग्रजीत घासाघीस करीत होते. चाचांनी दोनच वाक्ये ऐकली आणि मला हळूच सांगितले, स्कॉटलंड, त्यातही ग्लासगो, त्यातही गोदीकडचा भाग. मी चौकशी केली. गृहस्थ नागपूरचे होते आणि सकाळीच त्यांची दाढ काढलेली होती. चाचा जरासुद्धा खजील झाले नाहीत. परत येताना सगळा चढ चढून झाल्यावर मला एवढेच म्हणाले, "दाढ ग्लासगोची असेल, बाय."

माझी लेक पुण्याला एका कंपनीत आहे. माणूस बोलला की त्याचे बोलणे यंत्राने आपोआप लिहून काढावे, असे काहीतरी तिथे करतात. एका मे महिन्यात ती घरी आली होती आणि गडग्याला टेकून ऑफिसातल्या लोकांशी फोनवर बोलत होती. फोनचा आवाज मोठा होता. बोलणे संपल्यावर चाचांनी पडवीतूनच तिला सांगितले की पहिला बोलला तो विजयवाड्याचा, दुसरी मुलगी लखनौची पण शाळा कॉन्व्हेंटची, आणि तिसरा जो कमी बोलला तो बंगाली असून त्याला ही नोकरी आवडत नाही. पहिले दोन बरोबर होते. तिसऱ्याने महिन्याभरात राजीनामा दिला. लेकीने पुण्याला जाऊन साहेबांशी बोलणे केले, आणि चाचांच्या पडवीत एक लॅपटॉप आला.

काम काय ते लेकीने मला समजावले होते, पण मला कळले ते चाचांनी समजावल्यावर. यंत्राला इंग्रजी येते, पण ते एकाच घरात वाढलेल्या मुलासारखे. बाहेरचे कुणी बोलले की त्याला गोंधळायला होते. म्हणून शब्द ऐकण्याआधी माणूस कुठला हे त्याने ओळखायला शिकायचे, म्हणजे मग त्या मुलखाच्या कानाने ऐकता येते. त्यासाठी हजारो माणसांची बोलणी कुणीतरी आधी ऐकून, हा अमुक ठिकाणचा, असे त्याला सांगावे लागते. हे सांगताना चाचांनी मला बर्मी माणसाची गोष्ट सांगितली. वादळात सापडलेल्या एका लहान जहाजावरून तो आपली जागा सांगत होता. आकडा सगळ्यांना 'थर्टी' ऐकू आला. चाचांनी कप्तानाला सांगितले की तो 'थर्टीन' म्हणतोय, कारण बर्मी माणूस शब्दाचा शेवटचा आवाज गिळतो. तीस आणि तेरा यांत समुद्रावर माणसे मरण्याइतके अंतर असते. कप्तानाने जहाज वळवले, आणि पहाटे ती माणसे सापडली. ही गोष्ट मी आजवर अनेकदा ऐकली आहे. दर वेळी लाटा वाढत गेल्या आणि माणसेही वाढली, पण तो आकडा कधी बदलला नाही, म्हणून मी तिच्यावर विश्वास ठेवते.

कामाला लागल्यावर पहिल्याच दिवशी चाचांचे यंत्राशी वाजले. आवाज ऐकून पडद्यावरच्या नावांतून एक निवडायचे होते, आणि आपल्याकडच्या सगळ्यांसाठी तिथे एकच नाव होते, 'इंडियन'. चाचांनी लॅपटॉप मिटला, वर रुमाल टाकला, आणि माझ्या लेकीला फोन लावून सांगितले, "इंडियन हा पासपोर्ट असतो, बोलणं नसतं." तिच्या साहेबांना ते पटले, म्हणजे ते आधीपासून त्याच खटपटीत होते असे लेक म्हणाली. नावे वाढली. शिवाय शेरा लिहायला एक चौकोन मिळाला, आणि त्या चौकोनात चाचा अक्षरशः राहायला गेले. हा माणूस केरळचा, पण बरीच वर्षे कुवेतला. ही बाई नैरोबीची गुजराती, सासर इंग्लंडात, सासूशी पटत नाही. हा मुलगा कुठला ते कळत नाही, पण त्याला सर्दी झाली आहे आणि कुणी त्याला आले घालून चहा द्यावा. पुण्याच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत हे शेरे मोठ्याने वाचले जात. सर्दीवाल्याची पुढे काही खबर आली का, असेही तिथे विचारत.

त्या दिवसांतले चाचा मला फार आवडत. दुपारी सगळी आळी निजलेली असताना मी वाळत घातलेली कोकमे उलटी करायला अंगणात जायची, तर पलीकडे पडवीत कानाला मोठे हेडफोन लावून ते बसलेले. ऊन फणसाच्या पानांतून त्यांच्या अंगावर हलत असायचे. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर कुणाच्या तरी घरी पाहुणे गेल्यासारखे भाव. मधेच ते मान डोलावत, मधेच हळूच म्हणत, "अरे वा." जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात कुणीतरी आपल्या लहानपणाबद्दल, आवडत्या भाजीबद्दल, बसच्या प्रवासाबद्दल बोललेले असायचे, आणि ते सगळे आमच्या गडग्यापलीकडे येऊन पोहोचायचे.

मग एकदा लेकीचा फोन आला. ती जरा अडखळत बोलत होती. चाचांच्या कामात आणखी एक भाग होता. यंत्राने लिहिलेली वाक्ये बोलण्याशी ताडून पाहायची आणि बरोबर असली तर खूण करायची. त्यात चुका येऊ लागल्या होत्या. एका गोव्याच्या बाईने सांगितले होते की माझा मुलगा जहाजावर शेफ आहे. यंत्राने लिहिले की माझा मुलगा जहाजावर सेफ आहे, आणि चाचांनी बरोबरची खूण केली होती. असे एकच नव्हते. लेक म्हणाली, तूच जरा बघ ना, माझ्याने त्यांना विचारवत नाही.

मी एका संध्याकाळी वाटीत रसातल्या शेवया घेऊन गेले. चाचा पाठमोरे बसले होते. मी हाक मारली. ते वळले नाहीत. चाची आतून आल्या, माझ्या हातातली वाटी घेतली आणि माझ्या तोंडाकडे पाहून समजल्या. "त्यांना हल्ली माझं ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "पूर्वी येत होतं, पण ऐकत नव्हते. म्हणून मला पण उशिरा कळलं."

मी समोर जाऊन बसले आणि शेफची गोष्ट सांगितली, जरा मोठ्याने, हसत हसत. चाचा माझ्या ओठांकडे पाहत होते. त्यांनी ते पूर्वी कधी केले नव्हते. ते म्हणाले, "आई बोलत होती ना? मग दोन्ही बरोबर आहे." आणि मग खाली बघून, अगदी वेगळ्या आवाजात, "शब्द पुसट झालेत, बाय. चाल तेवढी येते."

कानाच्या डॉक्टरांनी तेच दुसऱ्या भाषेत सांगितले. वय झाले की आधी बारीक आवाज जातात. स, श, फ हे त्यातले. जाडे आवाज आणि बोलण्याचा चढउतार मागे राहतो. चाचांना वाटले होते की आता लॅपटॉप परत द्यावा लागणार. त्यांनी तो पुसून, पिशवीत घालून, दाराशी आणूनही ठेवला होता. लेकीने पुण्याहून कळवले की वाक्ये ताडण्याचे काम दुसरे कुणी करील, चाचांनी फक्त माणूस कुठला एवढेच सांगावे. चाचांना ही दया वाटली. दोन दिवस ते पडवीत आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी चाचींनीच पिशवी उघडली, लॅपटॉप मांडून ठेवला आणि, घरात बसून माझं डोकं खाऊ नका, असे सांगून त्यांना बाहेर बसवले. आणि गंमत अशी, की आता त्यांचे काम पूर्वीपेक्षा भराभर होऊ लागले. पूर्वी ते गोष्टीत गुंतायचे. आता गोष्ट कळतच नव्हती, नुसते गाव ऐकू यायचे. शेऱ्यांचा चौकोन मात्र रिकामा राहू लागला. पुण्याला त्याचे सगळ्यांना वाईट वाटले.

कानात घालायचे यंत्र आले. त्याने कुकरची शिट्टी, कावळे आणि चाचींचा खलबत्ता यांची चाचांशी नव्याने ओळख करून दिली. शब्द थोडे परत आले. पण चाचा यंत्रावर नाराज होते. हे घातले की सगळी दुनिया एकाच गावची वाटते, आणि त्या गावाला मी कधी गेलेलो नाही, असे त्यांचे म्हणणे. ते यंत्र बहुतेक वेळ सदऱ्याच्या खिशात असायचे आणि तिथून बारीक शीळ घालायचे. ती शीळ त्यांना सोडून सगळ्यांना ऐकू यायची.

अशात त्यांची नात येणार असे ठरले. चाचांची मुलगी लग्न होऊन केप टाऊनला गेली, ती तिथलीच झाली. आपल्या कोकणातली कितीतरी मुसलमान घरे पिढ्यान् पिढ्या तिकडे आहेत. नात तिथेच जन्मली, कॉलेजात जाऊ लागली, आणि तिला इंग्रजीखेरीज काही येत नव्हते. फोनवर ती चार शब्द बोलायची तेवढीच ओळख. आयुष्यभर जगाचे इंग्रजी ऐकलेला हा माणूस त्या पोरीच्या येण्याने घाबरून गेला. मला एकदा म्हणाले, मी तिला हो ला नाही म्हणेन, नाही ला हो म्हणेन, पोर काय समजेल? त्यांनी कानातले यंत्र घालायचा सराव केला, आरशासमोर ओठ वाचायचा सराव केला. चाची म्हणाल्या, निकाहाच्या आधी एवढी तयारी केली नव्हती.

नात आली. लांब हातपायांची, मोकळी, येताच फणसाखाली चटई टाकून बसणारी. चाचा तिच्यासमोर ताठ बसून हसत मान हलवत होते. त्यांना ऐकू येत नाही हे दुसऱ्याच दिवशी तिच्या लक्षात आले. तिने काही विचारले नाही. आपल्या फोनवर काहीतरी सुरू केले आणि तो त्यांच्या मांडीवर ठेवला. ती बोलेल ते पडद्यावर ठळक अक्षरांत उमटू लागले. चाचा आधी चमकले. मग चष्मा लावून वाचू लागले. फोनमधले यंत्र तिच्या केप टाऊनच्या इंग्रजीशी झटापट करीत होते. कधी बरोबर लिही, कधी भलतेच. चाचा प्रत्येक चुकीवर पोटच्या पोराने परीक्षेत चूक करावी तसे कळवळायचे, आणि 'शिकेल, शिकेल' म्हणायचे.

तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर मी पाहिले, ते पडद्याकडे बघायचे सोडूनच देत. ती बोलत असायची आणि ते डोळे मिटून बसलेले. एकदा मी तिथेच होते. तिने इंग्रजीत विचारले, नाना, तुम्ही सगळ्यांचं गाव सांगता म्हणे, मग माझं सांगा. ती हे थट्टेने विचारत नव्हती. तिकडे तिला भारतातली म्हणत आणि इथे आल्यापासून सगळे आफ्रिकेतली म्हणत होते, हे मला नंतर चाचींकडून कळले. चाचांनी फोनवरचा प्रश्न वाचला. मग सावकाश, आपल्या जहाजी इंग्रजीत, ते म्हणाले की तू वाक्य तिकडे सुरू करतेस आणि इथे संपवतेस. शेवट तुझ्या नानीचा आहे. ती मला विचारते तसाच तू प्रश्न विचारतेस, उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखा.

पोरीने ते पुन्हा सांगायला लावले. मग आत जाऊन चाचींना काहीतरी विचारले, नुसता त्यांचा आवाज ऐकायला. चाचींना इंग्रजी कळले नाही. त्यांनी कोकणीत, काय हवंय तुला, म्हणून विचारले. पडवीत बसून आम्ही दोघांनी तो चढउतार ऐकला आणि आम्हाला हसू आले.

ती गेली. जाताना फोनमधली ती सोय चाचांच्या फोनवर घालून गेली. आता आम्ही शेजारी त्यांच्याशी त्याच्यातून बोलतो. ते मराठीही बरे लिहिते, फक्त आमच्या हेलाला अजून बिचकते. लॅपटॉपचे काम कमी होत गेले. यंत्राला आता पुष्कळ गावे आपली आपण ओळखता येतात, असे लेक म्हणते. चाचांना मी ते सांगितले तेव्हा त्यांनी मान डोलावली. वाईट वाटले की बरे, ते मला कळले नाही.

परवा दुपारी मी भाजलेले काजू द्यायला गेले होते. चाची निजल्या होत्या. बंदराकडून इंजिनाचा आवाज येऊन विरून गेला. चाचा म्हणाले, "बाय, इतकी वर्षं झाली, तू माझ्याशी इंग्रजीत कधी बोलली नाहीस." मी म्हटले, मला कुठे येतं. ते ऐकेनात. मला पोस्टाच्या खिडकीवरचे एक वाक्य पाठ होते, परदेशी पाहुण्यांना सांगायचे. तेच मी म्हटले. युअर पार्सल हॅज नॉट कम, प्लीज कम टुमॉरो.

त्यांनी डोळे मिटले आणि परत म्हणायला सांगितले. मी परत म्हटले. फोन त्यांनी उलटा ठेवला होता.

"राजापूर आहेच," ते म्हणाले. माझे माहेर राजापूरचे हे त्यांना ठाऊकच होते. "पण खाली दुसरं कुणी तरी आहे. दापोलीच्या बाजूचं. बाई आहे."

माझी आई दापोलीकडची. मी शाळेत जायच्या आधी ती गेली. तिचा चेहरा मला एका फोटोमुळे माहीत आहे. आवाज आठवत नाही. मी तिच्याबद्दल चाचांशी कधी बोलले नव्हते. चाचींशी बोलले असेन, आणि चाचींनी त्यांना सांगितले असेल. चाचांचा अंदाज चुकतोही. हे सगळे माझ्या मनात येऊन गेले.

"आई," मी म्हटले.

त्यांना शब्द ऐकू आला की नाही कोण जाणे. "मग बोल आणखी थोडं," ते म्हणाले.

पायरीवर बसून मी पोस्टातली आठवतील तेवढी इंग्रजी वाक्ये म्हणत राहिले. रजिस्टर करायचे आहे का, इथे सही करा, तिकिटे संपली, मनीऑर्डर पलीकडच्या खिडकीवर. चाचा ऐकत होते, आणि मीही.